स्थलांतर कायद्याचे अध्यापन आणि वकिली: नाशिकच्या विधी विद्यार्थ्यांसाठी मार्गदर्शन

भारतीय पासपोर्टची पुस्तिका नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापली जाते, ही गोष्ट नाशिककर पाहुण्यांना अभिमानाने सांगतात. परंतु त्या पुस्तिकेमागचा कायदा, म्हणजे ती कोणाला मिळते, कोणाची अडवली जाते, ती नसलेल्या माणसाचे काय होते आणि ती घेऊन परदेशी गेलेल्याला तिथे कोणत्या कायद्याला तोंड द्यावे लागते, याचा अभ्यास विधी महाविद्यालयांत बहुधा आंतरराष्ट्रीय कायदा किंवा मानवी हक्क या विषयांतील एखाद्या प्रकरणापुरताच होतो. हा विषय शिकवावा, त्यात संशोधन करावे आणि अडलेल्या माणसांच्या बाजूने उभेही राहावे, असे वाटणारे विद्यार्थी मात्र दरवर्षी भेटतात. हे मार्गदर्शन एलएल.बी.च्या शेवटच्या वर्षातील अशा विद्यार्थ्यांसाठी आणि नुकतीच सनद घेतलेल्या वकिलांसाठी आहे. त्यात एक आग्रह सर्वत्र दिसेल: या क्षेत्रातील प्राध्यापकाच्या शब्दाला न्यायालयात, सरकारदरबारी आणि वर्गात वजन येते ते कागद अचूक वाचता येण्यामुळे, आणि ते कसब येईपर्यंत मतप्रदर्शनाची घाई करू नये.

विषयाची हद्द आखणे

स्थलांतर कायदा या एका नावाखाली तीन निरनिराळी कामे येतात. पहिले काम बाहेरून आपल्या देशात आलेल्या परकीय नागरिकांचे आणि निर्वासितांचे. दुसरे नागरिकत्व कोणाचे आणि ते सिद्ध कसे करायचे याचे. तिसरे इथून कामाला, शिक्षणाला किंवा कायमचे बाहेर जाणाऱ्यांचे. तिन्ही विषयांवर एकाच वेळी अधिकाराने बोलणारी व्यक्ती क्वचित सापडते, म्हणून पहिल्या पाच-सात वर्षांसाठी यांपैकी एकच निवडावे आणि त्यातही एखादे कलम किंवा एखादी प्रक्रिया पक्की धरावी.

निर्वासित कायद्याचे आकर्षण विद्यार्थ्यांना सर्वांत जास्त असते, कारण त्यावर इंग्रजीत भरपूर लिहिले गेले आहे आणि परदेशी विद्यापीठांत त्याचे स्वतंत्र अभ्यासक्रम आहेत. परंतु भारताने १९५१ चा निर्वासितांविषयीचा करार किंवा १९६७ चा पूरक करार स्वीकारलेला नाही, देशात निर्वासितांसाठी वेगळा कायदा नाही, आणि संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तांचे काम प्रामुख्याने दिल्ली व चेन्नई येथून चालते. त्यामुळे नाशिकमध्ये बसून या विषयाची प्रत्यक्ष फाइल हाताळायला मिळण्याची शक्यता थोडी आहे. याउलट नागरिकत्वाचा पुरावा आणि परदेशी नोकरीसाठी होणारी भरती या दोन्ही विषयांचे कागद मालेगावपासून सिडकोपर्यंत घरोघरी सापडतात. माझा कल स्पष्टपणे या दोन विषयांकडे आहे.

कायदा कोणत्या क्रमाने वाचावा

सुरुवात राज्यघटनेच्या अनुच्छेद ५ ते ११ पासून करावी. हे अनुच्छेद फाळणीच्या धामधुमीत लिहिले गेले आणि त्यांतील तारखा कोरड्या वाटल्या तरी त्यांमागे माणसांचे लोंढे आहेत. अनुच्छेद ६ मध्ये १९ जुलै १९४८ ही तारीख आहे: त्याआधी पाकिस्तानच्या प्रदेशातून आलेल्यांसाठी एक नियम आणि त्या दिवशी किंवा नंतर आलेल्यांसाठी किमान सहा महिन्यांचे वास्तव्य व नोंदणीची अट. देवळालीत फाळणीनंतर स्थायिक झालेल्या सिंधी कुटुंबांपैकी एखाद्याकडे आजोबांच्या काळातील कागद जपून ठेवलेले असतील, तर ते समोर ठेवून हा अनुच्छेद वाचावा. वर्गात तासभर समजावूनही जे ध्यानात येत नाही ते अशा एका दाखल्यावरून चटकन उमगते.

त्यानंतर नागरिकत्व अधिनियम, १९५५ त्याच्या १९८६, २००३ आणि २०१९ च्या दुरुस्त्यांसह वाचावा. परकीय नागरिकांविषयीचा जुना कायदा, म्हणजे १९२० चा पासपोर्ट (भारतात प्रवेश) अधिनियम, १९३९ चा नोंदणी अधिनियम, १९४६ चा फॉरिनर्स अ‍ॅक्ट आणि २००० चा वाहतूकदारांच्या दायित्वाचा अधिनियम, हे चारही कायदे रद्द करून त्यांच्या जागी इमिग्रेशन अँड फॉरिनर्स अ‍ॅक्ट, २०२५ आला आणि तो १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला. बाजारातील अनेक पाठ्यपुस्तके अजून जुन्या कायद्यावर आधारलेली असल्यामुळे कलमांचे क्रमांक पुस्तकावरून उतरवू नयेत, राजपत्रातील मूळ मजकूर उघडावा. आपण परकीय नाही हे सिद्ध करण्याचा भार त्या व्यक्तीवरच टाकणारी जुनी तरतूद नव्या कायद्यातही कायम आहे, आणि या कायद्यातील बहुतेक वादांचे मूळ तिथेच आहे.

निकालांची यादी लांबलचक करण्यापेक्षा थोडे निकाल शब्दशः वाचावेत. परकीय व्यक्तीला देशाबाहेर काढण्याचा सरकारचा अधिकार किती व्यापक आहे हे १९५५ च्या हान्स म्युलर प्रकरणात सांगितले गेले. त्याच्या शेजारी १९९६ चा अरुणाचल प्रदेशातील चकमा निर्वासितांविषयीचा निकाल ठेवावा, ज्यात नागरिक नसलेल्यांनाही अनुच्छेद २१ चे, म्हणजे जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्याचे, संरक्षण असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. या दोन निकालांमधील ताण समजला की विषयाचा निम्मा आवाका आला. परदेशी जाण्याच्या हक्कासाठी १९६७ चा सतवंतसिंग साहनी आणि १९७८ चा मनेका गांधी हे निकाल क्रमाने वाचावेत. पहिल्या निकालामुळे त्याच वर्षी पासपोर्ट अधिनियम करावा लागला आणि दुसऱ्यात त्याच अधिनियमाखाली पासपोर्ट जप्त करण्याच्या आदेशाची तपासणी झाली. आसाम करारातून नागरिकत्व अधिनियमात आलेल्या, बांगलादेशातून आसामात आलेल्यांच्या नागरिकत्वाविषयीच्या कलम ६अ ची वैधता सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये चार विरुद्ध एक अशा बहुमताने मान्य केली. त्यातील भिन्नमताचे निकालपत्र बहुमताइतक्याच काळजीने वाचण्यासारखे आहे.

एक कलम, एक घर, तीन लिप्या

कागद वाचणे म्हणजे नेमके काय, हे नागरिकत्व अधिनियमाच्या कलम ३ वरून दाखवता येईल. २६ जानेवारी १९५० पासून १ जुलै १९८७ च्या आधीपर्यंत भारतात जन्मलेली व्यक्ती, काही अपवाद वगळता, केवळ इथे जन्मली म्हणून नागरिक ठरते. १ जुलै १९८७ पासून ३ डिसेंबर २००४ च्या आधीपर्यंत जन्मलेल्यासाठी आई किंवा वडील यांपैकी एक जण जन्माच्या वेळी नागरिक असावा लागतो. त्यानंतर जन्मलेल्यासाठी दोघेही नागरिक असावे लागतात, किंवा एक नागरिक आणि दुसरा अवैध स्थलांतरित नसावा लागतो. म्हणजे एकाच घरातील जून १९८७ मध्ये जन्मलेल्या थोरल्या भावाला स्वतःच्या जन्माचा पुरावा पुरतो, आणि त्याच्या पाठच्या बहिणीला आईवडिलांचे कागद शोधावे लागतात. विद्यार्थ्याने असे एक कुटुंब घेऊन प्रत्येक सदस्यासमोर लागू पडणारे कलम, लागणारा पुरावा आणि हाताशी असलेला कागद असा तक्ता करावा. या तक्त्यात किती रकाने रिकामे राहतात ते पाहिले की कायद्यातील अडचण कुठे आहे ते आपोआप दिसते.

मालेगावसारख्या गावात हा तक्ता अधिक गुंतागुंतीचा होतो, आणि संशोधकासाठी अधिक मोलाचाही. वडिलांचे नाव उर्दू माध्यमाच्या शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये एका प्रकारे, नगरपालिकेच्या जन्म नोंदवहीत मराठीत दुसऱ्या प्रकारे आणि आधार कार्डावर इंग्रजीत तिसऱ्या प्रकारे लिहिलेले असते. लिप्यंतर करणाऱ्या कारकुनाच्या कानाला जसे ऐकू आले तसे ते उतरले. 'शेख' पुढे लागले की मागे, बाईच्या नावापुढे 'बी' राहिले की गळाले, यावर कोणाचे नियंत्रण नव्हते. आसाममधील एका प्रकरणात २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की नावाच्या स्पेलिंगमधील किंवा तारखांमधील किरकोळ तफावतीवरून माणसाला परकीय ठरवता येत नाही, आणि हाती काही आधार असल्याशिवाय अधिकाऱ्यांनी संशय घेऊ नये. दुसऱ्या बाजूने मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये म्हटले की आधार, पॅन किंवा मतदार ओळखपत्र जवळ असणे म्हणजे नागरिकत्व नव्हे. हे दोन्ही निकाल एकाच फाइलला लावून पाहायचे काम मराठी आणि उर्दू वाचू शकणारा, शाळेचे रजिस्टर कसे ठेवले जाते हे जाणणारा नाशिकचा अभ्यासक दिल्लीतील कोणत्याही अभ्यासकापेक्षा चांगले करू शकतो.

याच जागी उशिरा केलेल्या जन्मनोंदणीचा प्रश्न येतो. जन्म होऊन वर्ष उलटल्यावर नोंद करायची असेल तर जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ च्या कलम १३(३) नुसार पूर्वी प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांचा आदेश लागत असे; २०२३ च्या दुरुस्तीने हा अधिकार जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी प्राधिकृत केलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे गेला. १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या या बदलामुळे न्यायालयातील काम महसूल कार्यालयात आले आणि मालेगावातील अशा दाखल्यांवरून पुढे मोठा वादही झाला. वादात कोणाची बाजू घ्यावी हे ठरवण्यापूर्वी आदेशांच्या नकला मिळवाव्यात, त्यांत कोणता पुरावा तपासल्याचे लिहिले आहे ते पाहावे आणि मगच लेखणी उचलावी. पीएच.डी.साठी विषय शोधणाऱ्याने याहून दूर जाण्याचे कारण नाही.

पदव्या, परीक्षा आणि सनदेचा पेच

सहायक प्राध्यापक होण्यासाठी किमान ५५ टक्के गुणांसह एलएल.एम. आणि नेट किंवा सेट (राष्ट्रीय किंवा राज्य पात्रता परीक्षा) उत्तीर्ण असणे ही मूळ अट आहे. महाराष्ट्रातील सेट परीक्षा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेते आणि ती मराठीतूनही देता येते. पुढे सहयोगी प्राध्यापक आणि प्राध्यापक या पदांसाठी पीएच.डी. लागते. एलएल.एम.साठी गट निवडताना घटनात्मक कायदा घ्यावा की आंतरराष्ट्रीय कायदा, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. ज्याला नागरिकत्वावर काम करायचे आहे त्याने बिनदिक्कत घटनात्मक कायदा घ्यावा. प्रबंधिकेचा विषय मात्र पहिल्याच सत्रात ठरवावा, कारण एक वर्षाच्या अभ्यासक्रमात विषय शोधण्यातच अर्धे वर्ष जाते.

खरा पेच सनदेचा आहे आणि त्याची कल्पना अनेकांना नेमणुकीचे पत्र हाती पडल्यावरच येते. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम ४९ नुसार पूर्णवेळ पगारी नोकरी करणाऱ्याला वकिली करता येत नाही. नोकरी धरताना राज्य बार कौन्सिलला कळवून सनद स्थगित करावी लागते. मात्र १९९५ च्या अध्यापनविषयक नियमांनुसार वकिली करणाऱ्याला विद्यापीठाशी संलग्न संस्थेत दिवसाला तीन तासांपेक्षा जास्त नाही इतके विधी शिक्षण देता येते आणि ते अर्धवेळ काम मानले जाते. याचा अर्थ असा की अमेरिकेतील प्राध्यापकाप्रमाणे सकाळी वर्ग घ्यायचा आणि दुपारी विद्यार्थ्यांसह न्यायालयात उभे राहायचे, हे आपल्याकडे पूर्णवेळ प्राध्यापकाला शक्य नाही. दोनच वाटा उरतात. पहिली, वकिलीला प्राधान्य देऊन तीन तासांच्या मर्यादेत शिकवणे, ज्यात उत्पन्न अनिश्चित असते आणि पदोन्नतीची वाट जवळजवळ बंद असते. दुसरी, पूर्णवेळ प्राध्यापक होऊन न्यायालयाबाहेरील वकिली करणे, म्हणजे विधी साहाय्य केंद्र चालवणे, वकिलांना मसुदे व संशोधन पुरवणे, समित्यांपुढे निवेदने देणे आणि लिहिणे.

पहिली तीन-चार वर्षे पहिल्या वाटेने जाऊन मग दुसरीकडे वळावे, असे माझे मत आहे. जामीन अर्जावर सरकारी वकिलाचे म्हणणे येईपर्यंत कॉरिडॉरमध्ये ताटकळणे, नक्कल विभागात अर्ज करणे, तपास अधिकाऱ्याला उलटतपासणीत जन्मतारखेचा दाखला दाखवणे, या गोष्टी ज्याने केलेल्या नाहीत त्याचे नागरिकत्वावरील लेखन पोकळ वाटते. आसाममध्ये हे वाद परकीय न्यायाधिकरणांसमोर चालतात; आपल्याकडे मात्र ते आजवर मुख्यतः फौजदारी खटल्यांतूनच पुढे आले आहेत, त्यामुळे फौजदारी न्यायालयाची ओळख इथल्या अभ्यासकाला टाळता येणार नाही.

विधी साहाय्य केंद्र कसे उभारावे

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ मध्ये विद्यापीठे आणि विधी महाविद्यालयांत विधी सेवा केंद्रे वाढवण्याची तरतूद आहे, आणि त्याच अधिनियमाच्या कलम १२ नुसार कोठडीतील व्यक्तीला, स्त्रियांना आणि मानवी तस्करीला बळी पडलेल्यांना मोफत विधी साहाय्य मिळते. या कलमात नागरिकत्वाची अट नाही. महाविद्यालयाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाशी लेखी समन्वय करून केंद्र सुरू करावे, आणि पहिल्या वर्षी दोनच कामे हाती घ्यावीत.

पहिले काम नाशिकरोड मध्यवर्ती कारागृहातील परकीय बंद्यांविषयीचे. १९६३ च्या वाणिज्य दूतावासविषयक व्हिएन्ना कराराच्या अनुच्छेद ३६ नुसार अटक झालेल्या परकीय व्यक्तीला तिच्या देशाच्या दूतावासाशी संपर्क साधण्याचा हक्क आहे आणि तो हक्क तिला विनाविलंब सांगितला गेला पाहिजे. कुलभूषण जाधव यांच्या प्रकरणात भारताने आंतरराष्ट्रीय न्यायालयात नेमका हाच अनुच्छेद पुढे केला आणि जुलै २०१९ मध्ये पाकिस्तानने त्याचा भंग केल्याचा निकाल मिळवला. आपल्या नागरिकासाठी आपण जे मागितले तेच आपल्या कारागृहातील नेपाळी, बांगलादेशी किंवा नायजेरियन बंद्याला मिळाले आहे का, हे तपासण्यासाठी प्राधिकरणाच्या परवानगीने विद्यार्थ्यांनी एक साधी प्रश्नावली भरून घ्यावी: दूतावासाला कळवले का, कोणत्या तारखेला, दुभाषी मिळाला का, वकील मिळाला का. शिक्षा संपूनही मायदेशी पाठवणी न झाल्यामुळे कोणी अडकून पडले असेल, तर ती फाइल तत्काळ प्राधिकरणाच्या वकिलाकडे द्यावी आणि तिचा संशोधनासाठी उपयोग करण्याचा विचार मागाहून करावा.

दुसरे काम परदेशी नोकरीच्या भरतीचे. इमिग्रेशन नव्हे, तर एमिग्रेशन (म्हणजे देशाबाहेर जाणाऱ्यांविषयीचा) अधिनियम, १९८३ नुसार नोंदणी नसलेल्या एजंटला परदेशी भरती करता येत नाही, आणि नोंदणीकृत एजंटलाही उमेदवाराकडून जीएसटी वगळता ३०,००० रुपयांपेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. ज्याच्या पासपोर्टवर ईसीआर (एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड) असा शेरा आहे, म्हणजे सर्वसाधारणपणे जो दहावी उत्तीर्ण नाही, त्याला ठरावीक १८ देशांत कामाला जाण्यापूर्वी एमिग्रेशन क्लिअरन्स घ्यावा लागतो. सातपूर-अंबडमधील वेल्डर किंवा फिटर आखाती देशात जाण्यासाठी दीड-दोन लाख रुपये मोजतो आणि त्याच्या हाती व्हिजिट व्हिसा पडतो, तेव्हा यांतील प्रत्येक तरतूद मोडलेली असते. केंद्रातील विद्यार्थ्याने परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर एजंटचा नोंदणी क्रमांक कसा तपासायचा हे दाखवले तरी अनेक घरांची जमीन वाचते. फसवणूक आधीच झालेली असल्यास पैशांची पावती, व्हॉट्सअ‍ॅपवरील संदेश आणि बँक व्यवहार त्याच दिवशी जतन करून घ्यावेत. तक्रार अर्ज नंतर लिहिता येतो, पण डिलीट झालेला संदेश परत मिळवणे कठीण असते.

परदेशातील वाट आणि तिच्यातून शिकण्यासारखे

अमेरिकेत इमिग्रेशन कायदा हा संघराज्याचा विषय असल्यामुळे कोणत्याही एका राज्याची सनद असलेला वकील देशभरात त्यात काम करू शकतो, आणि परकीय व्यक्तीला हद्दपारीच्या सुनावणीत सरकारी खर्चाने वकील मिळण्याची तरतूद नाही. ही पोकळी विद्यापीठांच्या क्लिनिकनी, म्हणजे तिथल्या विधी साहाय्य केंद्रांनी, बरीच भरून काढली. प्राध्यापकाच्या देखरेखीखाली विद्यार्थी तिथे प्रत्यक्ष बाजू मांडू शकतात. टोगोमधून पळून आलेल्या एका तरुणीचे प्रकरण एका विधी विद्यार्थिनीने हाती घेतले, पुढे प्राध्यापिका कॅरन मुसालो यांनी ते अपील मंडळापुढे चालवले, आणि १९९६ मध्ये स्त्रियांच्या जननेंद्रियांच्या विच्छेदनाची भीती हा आश्रयासाठी ग्राह्य आधार ठरला. १९९९ मध्ये मुसालो यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या विधी महाविद्यालयात लिंगभाव आणि निर्वासित या विषयाचे केंद्र सुरू केले. एका खटल्यातून आयुष्यभराचा अभ्यासविषय कसा निघतो याचे हे उदाहरण आहे.

दुसरे उदाहरण मला अधिक शिकवणारे वाटते. गायक जॉन लेनन यांना अमेरिकेबाहेर काढण्याची कारवाई १९७२ मध्ये सुरू झाली, तेव्हा त्यांचे वकील लिऑन वाइल्ड्स यांनी माहिती स्वातंत्र्याच्या कायद्याचा आधार घेऊन सरकारकडून तोपर्यंत गुप्त असलेली एक पद्धत उघड करून घेतली: काही प्रकरणांत मानवी कारणांसाठी हद्दपारी न करण्याचा निर्णय अधिकारी स्वतःच घेत होते. पेन्सिल्व्हेनियातील प्राध्यापिका शोबा शिवप्रसाद वाधिया यांनी पुढे याच स्वेच्छाधिकारावर अनेक वर्षे संशोधन केले, २००८ मध्ये स्थलांतरितांच्या हक्कांसाठी क्लिनिक सुरू केले आणि पुढे काही काळ होमलँड सिक्युरिटी खात्यातील नागरी हक्क विभागाचे नेतृत्वही केले. लहानपणी आलेल्या मुलांना हद्दपारीपासून दिलासा देणारे २०१२ चे धोरण याच अधिकारावर उभे आहे. एका कार्यालयीन पद्धतीचा कागद मिळवणे, त्याचा इतिहास लिहिणे, त्यावरून खटले चालवणे आणि अखेर त्या कार्यालयातच जाऊन बसणे, असा हा क्रम आहे.

मराठी विद्यार्थ्यांना वर्गात सांगावे असे आणखी एक नाव सखाराम गणेश पंडित यांचे. भगतसिंग थिंद यांच्या १९२३ च्या खटल्यात, ज्यात भारतीय माणूस 'गोरा' नसल्यामुळे अमेरिकेचा नागरिक होऊ शकत नाही असे ठरले, थिंद यांच्या बाजूने पंडित वकील होते. त्यानंतर सरकारने खुद्द पंडित यांचेही १९१४ मध्ये मिळालेले नागरिकत्व काढून घेण्यासाठी दावा लावला. त्यांनी तो लढवला आणि १९२६ मध्ये अपील न्यायालयात जिंकला, कारण एकदा न्यायालयाने दिलेला निर्णय असा पुन्हा उकरता येत नाही. भारतीयांना नागरिकत्वाची दारे १९४६ च्या कायद्यानेच उघडली. एच-१बी आणि ग्रीन कार्डच्या रांगेविषयी ज्या घरांत रोज बोलणे होते, त्या घरांतील मुलांना हा इतिहास ठाऊक नसतो.

परदेशी एलएल.एम. करण्याची इच्छा असल्यास फुलब्राइट-नेहरू शिष्यवृत्तीचा विचार करावा, पण तिच्या जे-१ व्हिसासोबत अभ्यास संपल्यावर दोन वर्षे मायदेशी राहण्याची अट येते, हे अर्ज भरण्यापूर्वीच ध्यानात घ्यावे. नाशिकला परतून शिकवण्याचा ज्याचा विचार आहे त्याला ही अट जाचणार नाही.

माहिती मिळवणे, लिहिणे, छापणे

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ हे प्राध्यापकाचे मुख्य हत्यार आहे. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एका विषयापुरता आणि साधारण १५० शब्दांत असावा लागतो, शुल्क दहा रुपये आणि उत्तराची मुदत ३० दिवस असते. 'परकीय नागरिकांविषयी सर्व माहिती द्यावी' असा अर्ज हमखास फेटाळला जातो. एका ठरावीक वर्षातील, एका उपविभागातील, जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियमाच्या कलम १३(३) खालील मंजूर आणि नामंजूर अर्जांची संख्या मागावी. नावे मागू नयेत. नकार आल्यास ३० दिवसांत पहिले अपील करावे, आणि नकाराचे पत्रही जपून ठेवावे, कारण लेखात ते पुरावा म्हणून वापरता येते.

इतिहासाकडे वळणाऱ्यांनाही नाशिकमध्ये साहित्य कमी नाही. एकोणिसाव्या शतकात गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेल्या आफ्रिकन मुलांना चर्च मिशनरी सोसायटीने शरणपूर येथे ठेवून शिक्षण दिले होते. आफ्रिकेत फिरलेले मिशनरी आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांचा मृतदेह आफ्रिकेच्या अंतर्भागातून किनाऱ्यापर्यंत आणणाऱ्यांपैकी जेकब वेनराइट याच शाळेतला, आणि यांतील अनेक जण १८७५ च्या सुमारास मोम्बासाजवळच्या फ्रेअर टाउन वसाहतीत गेले. त्यांची कायदेशीर ओळख तेव्हा काय होती, हा विधी इतिहासाचा उत्तम प्रश्न आहे आणि शरणपूर रोडवरून रोज जाणाऱ्यांपैकी फार थोड्यांना तो पडतो.

शोधनिबंध कुठे छापावा याविषयी कडक राहावे. यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) मान्य नियतकालिकांची केअर यादी २०२५ मध्ये बंद केल्यापासून पैसे घेऊन चार दिवसांत लेख छापणाऱ्यांचे फावले आहे. असे दहा लेख निवड समितीपुढे ओझे ठरतात. वर्षाला एक नीट तपासलेला इंग्रजी निबंध आणि त्याच संशोधनावर आधारलेला मराठी लेख, इतके पुरे आहे. मराठी लेखाचा आळस करू नये, कारण तहसील कार्यालयातील अव्वल कारकून आणि पोलीस ठाण्यातील हवालदार तोच वाचणार असतो, आणि प्रत्यक्षात निर्णयाची पहिली नोंद त्यांच्याच हातून होते.

कुठे थांबावे

केंद्रात आलेल्या माणसाची गोष्ट संशोधनात वापरायची असेल, तर त्याची लेखी संमती त्याला समजणाऱ्या भाषेत घ्यावी आणि ती त्याचे काम होण्याआधी नव्हे, तर झाल्यानंतर घ्यावी. मदत हवी असलेला माणूस कशालाही हो म्हणतो. नाव, गाव, व्यवसाय आणि मुलांची संख्या बदलली तरी मालेगावातील एखाद्या मोहल्ल्यात माणूस ओळखू येतो, म्हणून अशा ठिकाणी तारखांचे वर्षच द्यावे. ज्याचे नागरिकत्व वादात आहे त्याचे छायाचित्र कधीही वापरू नये.

सनद स्थगित असताना कोणाला 'तुमचा व्हिसा होईल' असे सांगू नये, वकीलपत्रावर सही करू नये आणि सल्ल्याचे पैसे घेऊ नयेत. सनद चालू असेल तरी बार कौन्सिलच्या नियम ३६ ने जाहिरातीवर घातलेली बंदी यूट्यूबवरील व्हिडिओंनाही लागू पडते याचे भान ठेवावे. जनहित याचिका करण्याची घाई करू नये. अपुऱ्या कागदांवर दाखल केलेली याचिका फेटाळली गेली की पुढच्या अर्जदाराला तोच निकाल उलटून दाखवला जातो.

पत्रकाराचा फोन आला की विचारलेल्या घटनेवर मत देण्याऐवजी लागू पडणारे कलम, त्यातील अट आणि ती तपासण्याचा अधिकार कोणाचा, इतकेच सांगावे, आणि तेच लगेच लेखी पाठवावे, म्हणजे छापताना शब्द बदलत नाहीत. मसुदा नियमांवर सरकार हरकती व सूचना मागवते तेव्हा मुदत बहुधा ३० दिवसांची असते; निवेदनात पहिल्या पानावर कलमाचा सध्याचा मजकूर, त्याखाली सुचवलेला मजकूर आणि त्याखाली जिल्ह्यातील एका फाइलचा नावाशिवायचा तपशील द्यावा. महाविद्यालयाच्या लेटरहेडवर निवेदन पाठवायचे असल्यास प्राचार्यांची लेखी परवानगी आधी घ्यावी. ती मिळत नसेल तर निवासाच्या पत्त्यावरून, स्वतःच्या नावाने पाठवावे आणि पोच घ्यावी.